बूडमावशी

कुठलीही वस्तू समोर आली की बूडमावशी आधी तिला बोटाच्या पेराने दोनदा ठोकायची, मान जराशी वाकडी करून ऐकायची आणि मगच तिच्याविषयी तोंड उघडायची. मग ते कलिंगड असो, सुताराने नुकतंच बसवलेलं दार असो, नाहीतर शेजाऱ्याच्या घरी आलेला नवा टीव्ही असो. एकदा निवडणुकीच्या दिवसांत एक पुढारी पालीला आला. सगळं गाव हार घेऊन त्याच्यामागे धावत होतं. मावशीने तेवढ्यात त्याच्या मोटारीचा पत्रा ठोकला, 'पातळ हाय' असा निकाल दिला आणि घरी निघून गेली. त्या पुढाऱ्याचं पुढे काय झालं ते कुणाला आठवत नाही, पण तो निकाल गावात बरीच वर्षं चालला.

मला ती पहिल्यांदा दिसली तीही अशीच, ठोकताना. बीडजवळच्या पालीत आमचं किराण्याचं आणि भांड्यांचं दुकान. ती वर्षं अशी होती की दर महिन्याला दुकानात काहीतरी नवीन येऊन पडायचं. शाम्पूच्या पुड्या आल्या, रंगीत पाकिटातले खारे दाणे आले, आणि दुकानाच्या तोंडाशी दोरीला लाल-निळ्या प्लास्टिकच्या घागरी लटकू लागल्या. मी उदगीरकडची. लग्नाला तीन वर्षं झालेली सून, गल्ल्याशी बसलेली. मावशी चहापत्ती घ्यायला आली होती. तिने निळी घागर ठोकली, ऐकली, पुन्हा ठोकली आणि म्हणाली, "वैनी, ही मुकी हाय गं."

"मुकी असली तरी फुटत नाही मावशी," मी दुकानदारीण म्हणून बोलले.

"फुटत न्हाई, मग पाजरत बी न्हाई. पाजरल्याबिगर पानी गार कसं व्हतंय?" एवढं विचारून ती चहापत्ती घेऊन गेली.

तिचं खरं नाव मी पुढे रेशनकार्डावर वाचलं, पण त्या नावाने तिला कुणी हाक मारल्याचं ऐकलं नाही. लहानथोर सगळे बूडमावशी म्हणत आणि म्हणताना गालात हसत. नाव चावट वाटलं तरी खरं होतं. कुंभाराच्या चाकावरून घागर उतरते तेव्हा तिला तोंड असतं, गळा असतो, जाडजूड अंग असतं, पण बूड नसतं. खाली नुसतं भोक. ते भोक मिटवायचं, ते जाड अंग ठोकून ठोकून पातळ करायचं आणि दुप्पट फुगवायचं, हे काम चाकाचं नाही. ते लाकडी थापीचं काम, आणि कुंभाराच्या घरात थापी बाईच्या हातात असते. "गड्याचं काय, तोंड केलं की सुटला," मावशी म्हणायची. "पानी धरायचं म्हनलं की बाईच लागती." हे ती नवऱ्यासमोर, म्हणजे काकांसमोर, मुद्दाम मोठ्याने बोलायची. काका चाक फिरवत असायचे. ऐकू न आल्यासारखं करून ते चाकाला आणखी एक फेर द्यायचे.

तिचं काम बघण्यासारखं होतं, कारण ती स्वतः ते बघत नसे. डाव्या हातात मुठीएवढा गुळगुळीत दगड घेऊन तो हात घागरीच्या आत, उजव्या हातात थापी, आणि नजर रस्त्यावर. येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी चाललेली, कुणाच्या म्हशीला काय झालं ते विचारणं चाललेलं, आणि हात आपले थप थप थप. घागर मांडीवर फिरत फिरत फुगत जायची. कधी मधेच ती थांबायची, थापी खाली ठेवायची आणि आतून नखाने एक बारीकसा खडा काढून फेकायची. मला तो दाखवला तरी दिसायचा नाही. "भायेरच्या हातानं निस्तं मारायचं असतंय," ती सांगायची. "समजतंय ते आतल्या हाताला."

दुपारी एक ते चार आमचं दुकान बंद असे. घरातले सगळे पंख्याखाली आडवे व्हायचे आणि मला ती थपथप ऐकू यायची. तीन वर्षांत मूल झालं नव्हतं. गावातल्या प्रत्येक बाईला माझ्याशी बोलायला तेवढा एकच विषय होता. कुणी कपिलधारला नवस बोलायला सांगे, कुणी बीडच्या डॉक्टरीणबाईचा पत्ता देई. मी एके दुपारी मावशीच्या अंगणात गेले, तर तिने मला काहीच विचारलं नाही. ओल्या मातीचा गोळा हातात दिला आणि म्हणाली, "बसलीच हाईस तर ह्ये मळ." चार वाजेपर्यंत मी मळत बसले. असं शांत मला त्या गावात कधी वाटलं नव्हतं. घरी आले तेव्हा नखांत चिखल होता. सासूबाई म्हणाल्या, "घरात स्टीलच्या भांड्यांची थप्पी लागलीय आणि आमची सून चिखल कालवतेय." त्यांच्या बोलण्यात राग कमी आणि लाज जास्त होती. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले.

पहिले तीन महिने तिने मला मातीच्या पुढे जाऊ दिलं नाही. वैशाखात बिंदुसरेच्या धरणाचं पाणी मागे सरकलं की तळाचा गाळ उघडा पडतो. तो गाळ काका गाढवावरून आणून वर्षाचा साठा करून ठेवत. तो वाळवायचा, मोगरीने फोडायचा, खड्ड्यात भिजवायचा, त्यात लीद आणि राख घालून पायांनी तुडवायचा. तुडवताना माती टाचेला चिकटत नाही असं झालं की ती तयार, हे कळायला मला महिना लागला. मावशी चिमूटभर माती दाताखाली धरून बघायची आणि मलाही धरायला लावायची. मी तोंड वाकडं केलं की म्हणायची, "तुमच्या दुकानातल्या साकरंपरीस साफ हाय."

एकाच गोष्टीवर ती चिडायची. मी सहज म्हणाले होते, "मावशी, माती चाळून ठेवली." तिने हातातलं काम ठेवलं. "चाळली का गाळली?" मला वाटलं, त्यात काय एवढं. तिने मला समोर बसवून समजावलं. चाळणं म्हणजे कोरडी माती चाळणीतून काढणं. गाळणं म्हणजे माती पाण्यात कालवून, पातळ करून, धोतराच्या फडक्यातून सोडणं आणि मग ती खाली बसून घट्ट व्हायची आठ दिवस वाट बघणं. आमच्याकडच्या मातीत चुनखडी असते. तिचा कण मोहरीएवढा का असेना, चाळणीतून सुटतो. भट्टीत त्याचा चुना होतो. घागर दिसायला चांगली निघते, वाजतेही चांगली, पण पाणी भरलं की तो चुना फुगतो आणि वरचा पापुद्रा उडवून देतो. "चाळलेल्या मातीची पनती कर, खापर कर. पान्याचं भांडं गाळल्याबिगर करायचं न्हाई. लोकं पानी पितेत त्यातलं. आपलं इमान हाय त्यात." कडक बोललेलं तेवढंच मला आठवतं. बाकी सगळी थट्टाच. पुढे थापी हातात दिल्यावर मी ठोकून फुगवलेली पहिली घागर तिने उचलून सगळ्या बाजूंनी बघितली आणि म्हणाली, "ह्येला बूड न्हाई, तोंड बी न्हाई, निस्ते गाल हायेत."

पुढच्या चैत्रात काकांच्या अंगावरून वारं गेलं. बीडला दवाखान्यात पंधरा दिवस काढून आणलं, पण उजवा हात आणि वाचा तिथेच राहिली. वाळूजच्या कंपनीत असलेला मुलगा, विलास, रजा काढून आला. कंपनीत त्याचं बरं चाललं होतं, खोली पत्र्याची पण स्वतःची होती. "चला तिकडं," तो म्हणाला. "इथं आता कशासाठी ऱ्हायचं?" मावशी म्हणाली, "तिकडं माती कुठली?" पोरगा वाईट नव्हता. वैतागून त्याने मुदत दिली. दिवाळीपर्यंत हातात काम असलं तर राहा, नाहीतर मी टेम्पो घेऊन येतो.

काम असणार कुठून? चाक अंगणात पोत्याखाली झाकून पडलं होतं. वैशाख आला आणि गेला, धरणाचा गाळ आणायला कुणी नव्हतं. मावशीचे दोन्ही हात धडधाकट होते आणि ठोकायला समोर काही नव्हतं. "तोंडच न्हाई तर बूड कशाला लावू, आभाळाला?" ती म्हणायची. मी म्हणाले, तुम्हीच बसा की चाकावर, इतकी वर्षं बघता आहात. तिने कानाला हात लावले. चाक म्हणजे महादेव. कुंभाराच्या घरच्या बाईने त्याची पूजा करायची, त्यावर बसायचं नाही. "कोण बघतंय?" मी म्हणाले. ती खाटेकडे बघून म्हणाली, "म्हातारं बघतंय."

आठ दिवसांनी ती दुकानात आली. काही घ्यायचं नव्हतं. माझ्या गळ्यातल्या लिंगाच्या चांदीच्या डबीकडे बघत उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "पोरी, तुमी वानी लोक म्हादेव गळ्यात बांधून जेवता, झोपता, सैपाक करता. त्यो तुमाला काई म्हनत न्हाई. मग चाकावरचा म्हादेव तुला कावून म्हनंल?" आठ दिवस ती ही वाट शोधत होती. मला हसायला आलं. मी, प्लास्टिकच्या घागरी विकणारी बाई, कुंभाराच्या चाकावर बसणार होते.

काकांनी मला खाटेवरून शिकवलं. वाचा गेल्यावर त्यांच्याकडे उरलेले शब्द चार-पाच, त्यातला माझ्या वाट्याला एकच आला. "मदी." गोळा चाकाच्या मधोमध बसला नाही की तो हाताला धक्के देतो, आणि एकदा का तो वाकडा फिरू लागला की पुढे काहीही केलं तरी घागर वाकडीच. मी काठीने चाकाला वेग द्यायची, दोन्ही तळव्यांत गोळा दाबायची आणि खाटेवरून आवाज यायचा, "मदी... मदी." कधी रागाने, कधी रडवेलं होऊन. डाव्या हाताने ते खाटेची दोरी दाबून मला दाबायचं कसं ते दाखवायचे. रोज केलेलं रोज मोडायचं आणि तीच माती पुन्हा मळायची. आषाढ गेला, श्रावण गेला. भाद्रपदात एके दुपारी गोळा हातात शांत झाला. अंगठा आत घातला तर माती आपोआप वर आली. तोंड झालं, गळा झाला. खाली भोक असलेलं ते जाडजूड आखूड अंग मी दोऱ्याने कापून उचललं, तेव्हा खाटेवरून एक चमत्कारिक आवाज आला. मी घाबरून बघितलं, तर काका अर्ध्या तोंडाने हसत होते.

मावशी उंबऱ्यात थापी घेऊन बसली होती. तिने भिंतीकडे तोंड वळवलं. मग म्हणाली, "पाच महिन्यांत पयल्यांदा हसलं गं ह्ये."

दसरा झाला आणि काम मीच मिळवलं. दिवाळीनंतर कपिलधारच्या यात्रेत आमच्या समाजाची मंडळी पाणपोई लावतात. माझे सासरे त्यांतले एक. यंदा प्लास्टिकचे ड्रम ठेवायचं चाललं होतं. मी पदर सावरून म्हणाले, "लोक उन्हातून येतात, मामंजी. मातीच्या घागरीतलं पाणी द्यावं." ते विचार करून म्हणाले, "बूडमावशीच्या हातच्या असतील तर ठेवू. तिची घागर कधी गळली नाही." साठ घागरी ठरल्या. मावशीने ऐकलं आणि माझा हात धरला. "येवढा आवा नीट निघाला की पोरगं गप बसंल," ती म्हणाली. आवा म्हणजे कुंभाराची भट्टी. पाली सोडायची का नाही, चाक राहणार का जाणार, काका आपल्या अंगणात मरणार का पत्र्याखाली, सगळं त्या एका आव्यावर येऊन थांबलं होतं. मला ते चांगलं माहीत होतं. माहीत नव्हतं असं मी कधी म्हणणार नाही.

माती निम्म्याला पुरेल एवढीच होती आणि धरण काठोकाठ भरलेलं. शेजारच्या मळ्यात नवीन विहीर खणत होते, तिथली पिवळी माती मी दिवाळीच्या आदल्या आठवड्यात ट्रॉलीभर आणवून मावशीच्या घरामागे टाकली. मावशीने ती दुरूनच बघितली. तिला काकांना सोडून हलता येत नव्हतं, त्यांचं सगळं खाटेवर होतं. "ह्या मातीत चुनखडी लई असंल," ती म्हणाली. "सगळी गाळ. मग जुनीत मिसळ." मी हो म्हणाले.

आणि दिवाळी आली. दुकानात पाय ठेवायला जागा नाही. सासूबाईंनी बजावलं की चार दिवस चिखलाचं नाव काढायचं नाही. मी पहाटे उठून दोन-तीन टोपल्या माती फडक्यातून गाळली. ती खाली बसायची वाट बघत बसले तर यात्रा निघून जाणार होती. उरलेली मी दुकानातली पिठाची बारीक चाळणी नेऊन चाळली. दोनदा चाळली. इतकी मऊ झाली होती की मला वाटलं, आता यात काय राहिलं असणार. जुनी माती तिच्यात कालवली आणि तुडवून टाकली.

मावशीने विचारलं, "गाळली न्हवं?"

मी म्हणाले, "गाळली."

एवढाच शब्द. तो खोटा आहे हे बोलतानाच मला कळत होतं. पण त्या वेळी मला तो लहान वाटला.

पुढचे दहा दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस होते, हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. विलासने मुदत यात्रेपर्यंत वाढवली होती. सासऱ्यांनी शब्द दिल्यामुळे सासूबाईंचं तोंड बंद होतं. सकाळपासून मी चाकावर, काका खाटेवरून "मदी" म्हणायचे, आणि मावशी मागे थप थप करायची. एकदोनदा तिची थापी थांबली. मी वळून बघितलं तर ती घागरीत हात घालून बसली होती. मग पुन्हा थपथप सुरू झाली. मी विचारलं नाही. घागरी वाळल्या, त्यांना तांबडी काव लावली, गोवऱ्या आणि पाचट रचून आवा पेटवला. दोन दिवसांनी राख बाजूला केली तर साठच्या साठ लालबुंद. एकीलाही चीर नाही. मावशीने एकेक उचलून ठोकली आणि प्रत्येक वाजली. काकांना आम्ही खाटेसकट अंगणात आणलं होतं. मावशी त्यांना म्हणाली, "आयकलं का?" त्यांनी मान हलवली.

कपिलधारला पहिल्या दिवशी घागरी भरल्या. लोक धबधब्याखालून भिजून यायचे, देवाला हात जोडायचे आणि आमच्या पाणपोईवर थांबायचे. "गार हाय," म्हणायचे. सासरे सगळ्यांना सांगत होते, "मातीच्या आहेत." मावशी त्या दिवशी नवीन लुगडं नेसून आली होती. काकांपाशी शेजारीण बसवली होती. ती पाणपोईच्या मागे धोंड्यावर बसून पाणी पिणाऱ्यांची तोंडं बघत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका म्हाताऱ्याने पाण्याची चूळ थुंकली आणि म्हणाला, "दातात कचकच येतंय." मी जवळ जाऊन बघितलं. घागरीच्या लाल अंगावर पांढरे ठिपके उठले होते, देवीच्या फोडांसारखे. मी बघत असताना त्यातला एक टिक करून उडाला आणि खाली रुपयाएवढा खड्डा पडला. मग दुसरा. शेजारच्या घागरीलाही ठिपके. तिसरीच्या बुडातून पाण्याची धार लागली होती. तासाभरात पाणपोईखाली चिखल झाला. लोक चपला हातात घेऊन त्यातून जात होते आणि नावं ठेवत होते.

सासरे आले. ते तापट माणूस नव्हते, दमलेले होते. मावशीला म्हणाले, "मावशी, आता वय झालं तुमचं. पहिल्यासारखा हात राहिला नाही. सांगायचं होतं तसं." भोवती पंधरा-वीस माणसं उभी होती. मी मावशीपासून दोन हातांवर होते.

मावशीने माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाली, "व्हय मालक. माज्याच हाताचं हाय त्ये."

मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं. वाक्य सोपं होतं, माती मी चाळली. पण सासरे समोर होते, घरी सासूबाई होत्या, मला पुन्हा त्या अंगणात पाय ठेवू दिला नसता. मी स्वतःला हे कारण दिलं. खरं कारण एवढंच की मला भीती वाटली. संध्याकाळी जीपमधून आमच्याच दुकानातले निळे ड्रम आले आणि घागरींची खापरं लोकांनी पायाने बाजूला सारली.

त्यानंतर कुणी मावशीला वाईट बोललं नाही, तेच जास्त वाईट होतं. सगळे हळहळायचे. "बूडमावशीचा हात गेला," असं म्हणायचे, कुणाचे डोळे जावेत तसं. संक्रांतीची सुगडं गावाने बीडहून आणली. मावशी अंगणात बसून काकांना भरवायची. मी दुपारी जायची आणि रोज सांगायचं ठरवायची. तिचं तोंड बघितलं की ते तोंडातच राहायचं. मग मी जाणं कमी केलं. दोन महिने असेच गेले.

माघात विलास टेम्पो घेऊन आला. मला कळलं तेव्हा दुपार झाली होती. मी धावत गेले. काकांना पुढे बसवलं होतं, भांडीकुंडी चढली होती आणि मावशी बोचकं बांधत होती. मी तिच्याजवळ बसले आणि एका दमात म्हणाले, "मावशी, ती माती मी गाळली नव्हती. चाळली होती. मी खोटं बोलले."

तिने गाठ पुरी मारली. "ठावं हाय," ती म्हणाली.

"यात्रेत कळलं?"

"न्हाई गं. तिसऱ्याच घागरीला. आतल्या हाताला कच्चकन लागली. फुडं लागतच ऱ्हायली."

"मग मोडल्या का नाहीत? मला का विचारलं नाहीत?"

तिने बोचकं बाजूला सारलं. "दोनदा उठले मोडायला. मग म्हनलं, पोरीनं तोंडानं सांगितलंय गाळली म्हनून. ती कावून खोटं सांगंल? माजाच हात म्हातारा झाला असंल, नसलेलं बी लागतंय." मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, "जल्मभर म्या कुनाचं आयकलं न्हाई, हाताचंच आयकलं. त्या दिशी तुजं आयकलं."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. मी रडत विचारलं की यात्रेत माझं नाव का घेतलं नाही. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. "माजं काय, म्हातारी झाले, सुटले. तुजं नाव घेतलं असतं तर तुज्या घरच्यांनी तुला चाकावर परत बसू दिलं नसतं. आन् चाक येतंय तुला. आख्ख्या गावात तुलाच येतंय आता." विलासने हॉर्न वाजवला. ती उठली. "चाक तितंच ठिवलंय पोत्याखाली. न्हेऊन ठिव. जा आता, दुकान उघडायचं असंल." टेम्पो निघाला तेव्हा काकांनी काचेआडून डावा हात उचलल्यासारखं केलं.

काका त्याच उन्हाळ्यात गेले. मावशी त्यानंतर दीड वर्ष वाळूजला होती. विलास एकदा गावी जागेचे कागद करायला आला तेव्हा दुकानात येऊन सांगून गेला की आईला जाऊन तीन महिने झाले. मी विचारलं, तिकडे काही करत होत्या का? तो म्हणाला, "न्हाई, निस्ती बसून असायची. तुमचं इचारायची. चाक फिरतंय का म्हनायची."

ती जागा आम्हीच विकत घेतली. तिथे आमचं गोदाम झालं. पाया खणताना गड्यांनी चाक उचलून भिंतीला लावलं होतं. एका पावसाळ्यात ते भिजलं, तडकलं आणि कुणीतरी ते जळणात घातलं. ती माझ्यासाठी गप्प बसली होती, आणि मी त्या चाकाला एकदाही हात लावला नाही.